किलोमीटरची साक्ष

ताडोबाच्या जंगलात गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा नियम आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून सकाळ-दुपार आत जाणाऱ्या जिप्सी खालच्या गिअरमध्येच फिरत राहतात. अशा गाडीत वेगाच्या काट्याला फारसं काम नसतं. तो डावीकडच्या कोपऱ्यात जेमतेम हलतो आणि चालकाला वेग कानानेच कळतो. मीटरमधला खऱ्या कामाचा भाग म्हणजे काट्याखालच्या बारीक खिडकीतले आकडे. ऑइल कधी बदलायचं, टायर किती चालले, पेट्रोलचा ॲव्हरेज घसरला का, टायमिंग बेल्टची वेळ झाली का, हे सगळं त्या आकड्यांवरून ठरतं. वाघाच्या इलाख्यात बेल्ट तुटून गाडी उभी राहिली, तर बॉनेट उघडायला खाली उतरताही येत नाही. म्हणून इथला समजदार चालक गाडी सुरू करण्याआधी पेट्रोलचा काटा पाहतो आणि त्याच नजरेत किलोमीटरही वाचून घेतो.

मारुतीने जिप्सी बाजारात आणली ती १९८५च्या डिसेंबरमध्ये. आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १३०० सीसीचं आलं आणि २०१९च्या सुमारास उत्पादन थांबलं. कारखाना थांबला, तरी जंगलातल्या गाड्या थांबल्या नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीत जिप्सीच्या जोडीला महिंद्राच्या जुन्या जीपही आहेत. कुणी लग्नाचं वऱ्हाड नेतं, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामात संकलनाच्या फळीवरच्या मुनिमाला घेऊन फिरतं. या गाड्यांचं इंजिन गावातला मिस्त्री डोळे मिटून उघडतो. क्लच, ब्रेक, पाटे यांचे सुटे भागही मिळतात. अडतं ते मीटरपाशी. आकडे थांबले की मालक म्हणतो, राहू द्या, गाडी तर चालते ना?

गाडी चालतेच. थांबतो तो तिचा हिशेब.

आकडे का थांबले, हे शोधायला काट्याकडेच पाहावं लागतं. काटा आणि आकडे दोन्ही मेले असतील, तर दोष मीटरच्या बाहेर आहे. जिप्सीत मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. तिथल्या छोट्या दातेरी चाकावर ती फिरते आणि डॅशबोर्डमागे मीटरला येऊन मिळते. केबल तुटली, तिचं चौकोनी टोक झिजलं किंवा खालच्या चाकाचे दाते गेले, तर वर काहीच पोचत नाही. पण काटा नीट हलतोय आणि आकडे मात्र जागचे हलत नाहीत, असं असेल तर केबल निर्दोष आहे. मग बिघाड मीटरच्या पोटात आहे आणि बहुतेक वेळा तो प्लास्टिकच्या एखाद्या गिअरचा असतो, करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या.

एकाच केबलवर चालणारी ही दोन यंत्रं स्वभावाने अगदी वेगळी आहेत. काटा आणि केबल यांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. केबलच्या टोकाशी लोहचुंबक फिरतं, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत वीजप्रवाहाचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो, तो वेग. ओटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं आणि पुढची जवळपास शंभर वर्षं जगभरातल्या गाड्यांचा वेग तिनेच दाखवला. यात झिजायला फारसं काही नसतं. म्हणूनच काटा म्हातारपणीही टुणटुणीत राहतो.

आकड्यांचं तसं नाही. ते दात्याला दाता लावून चालतात. चुंबकाच्या दांड्यावर आटे पाडलेले असतात. त्याला वर्म म्हणतात. तो एक प्लास्टिकचा गिअर फिरवतो, त्या गिअरच्या दांड्यावर आणखी एक वर्म असतो, तो पुढचा गिअर फिरवतो आणि शेवटचा गिअर उजव्या टोकाच्या आकडेचाकाला ढकलतो. जपानी मानकाप्रमाणे मोटारीची केबल एका किलोमीटरला ६३७ वेळा फिरते. शेवटचं चाक किलोमीटरचे दहावे भाग दाखवत असेल, तर केबलच्या या ६३७ फेऱ्यांत त्याची एकच फेरी व्हायला हवी. एवढी गती मारायचं काम त्या दोन-तीन प्लास्टिकच्या चाकांवर असतं. पुढे शेजारच्या चाकाला हातचा द्यायची सोय आहे. प्रत्येक आकडेचाकाच्या एका अंगाला २० दाते आणि दुसऱ्या अंगाला फक्त दोन असतात. उजवं चाक नऊवरून शून्यावर येताना त्या दोन दात्यांनी मधली इवलीशी पिनियन हलते आणि डावं चाक बरोबर एक आकडा पुढे सरकतं. उरलेला सगळा वेळ ते कुलूपबंद. डावीकडच्या दशहजाराच्या चाकाला एक पूर्ण फेरी घ्यायला एक लाख किलोमीटर लागतात. तोवर केबलच्या ६ कोटी ३७ लाख फेऱ्या झालेल्या असतात.

या मांडणीची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन केलं आहे. चार फुटांहून थोड्या मोठ्या व्यासाचं चाक, त्याच्या चारशे फेऱ्यांचा एक मैल, आणि दर मैलाला पितळी डब्यात पडणारा एक खडा. दिवसअखेर खडे मोजले की झालं. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरने १८९५ च्या सुमारास सायकलसाठी आकडे बदलणारं छोटं यंत्र काढलं आणि खड्यांच्या जागी आकडेचाकं आली. चाकाची फेरी मोजायची, फेऱ्या गोळा करायच्या, ठरावीक भरल्या की वरच्या घरात एक टाकायचा, एवढीच रीत. जिप्सीच्या डॅशबोर्डमागेही तीच चालते. फक्त पितळेची जागा नायलॉनने घेतली.

नायलॉन १९३५ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्सच्या हाताखाली जन्मलं. गिअरसाठी ते गुणाचं निघालं. साच्यातून हजारोंनी निघतं, वजनाला हलकं, आवाज करत नाही, तेल मागत नाही. मीटर बनवणाऱ्यांनी ते उचललं यात नवल नाही. पण प्लास्टिकलाही वय असतं. उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूने ते ठिसूळ होत जातं. काही मिश्रणं उलट मऊ आणि चिकट होऊन मग भुरभुरतात. १९८० च्या दशकातल्या व्होल्वो २४० आणि बीएमडब्ल्यूच्या ई-३० मालिकेतल्या गाड्या या दुखण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. इंजिनं लाखो किलोमीटर चालली आणि आकडे मात्र मध्येच कुठेतरी गोठले, अशा कितीतरी.

दुसरं कारण आणखी बारीक आहे. गिअर लोखंडी दांड्यावर दाबून बसवलेला असतो. वर्षं सरतात तसं प्लास्टिक किंचित आकसतं, दांडा मात्र आकसत नाही. गिअरचा मधला भाग ताणला जातो आणि दोन दात्यांच्या मधोमध चीर पडते. चीर पडली की त्या दोन दात्यांतलं अंतर वाढतं. दर फेरीला तिथे अडखळ होते, जोर बसतो आणि एक दाता उडतो. कधी दाते सगळे शाबूत असतात, पण चिरलेला गिअर दांड्यावर नुसताच घसरत राहतो. चालत्या गाडीत ट्रिप मीटरचं बटण दाबून आकडे शून्यावर आणण्याची सवय हेही दाते तुटण्याचं एक ठळक कारण. फिरत्या दात्यांवर उलटा झटका बसतो आणि म्हाताऱ्या प्लास्टिकला तो सोसत नाही.

त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि मीटर त्याच्याच पोटात असतं. कोळसा खाणींच्या आणि औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात हवेतली धूळ केबलच्या नळीत शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि तिची खरवडणारी लेई बनते. पावसाळ्यात नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगतं, उन्हाळ्यात पुन्हा सुकतं. कारखान्यातून सुटलेलं हे चाक ज्या हवामानात म्हातारं होतं, तिथला प्रत्येक ऋतू त्याच्या अंगावरून जातो.

मोजणारं यंत्र दुरुस्त करणं एकेकाळी फार मोठ्या कामाचा भाग होतं आणि ते काम या मुलखाच्या जवळपर्यंत आलं होतं. मोटार येण्याआधी सर्वेक्षक रस्त्यांची लांबी चाक ढकलत मोजायचे. पेरॅम्ब्युलेटर नावाचं ते हाताने ढकलायचं चाक आणि त्याला जोडलेली फेऱ्या मोजणारी तबकडी, म्हणजे अंतर मोजणारं मीटर, ओडोमीटरच. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरुवात करणारे विल्यम लॅम्ब्टन उत्तरेकडे सरकत सरकत मध्य भारतात आले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. वरोऱ्याच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यातल्या या गावी त्यांचं काम दुसऱ्यांच्या हाती गेलं. त्यांच्याजवळ कोन मोजणारा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि कोनांच्या खुणांचं पितळी वर्तुळ वाकलं. विलायतेहून दुसरं यंत्र मागवण्यात वर्षं गेली असती. लॅम्ब्टन तंबूत बसले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी ते वर्तुळ रेषारेषेने जागेवर आणलं. पुढे हिंगणघाटपर्यंतची मोजणी त्याच दुरुस्त यंत्राने झाली.

त्याच सर्वेक्षणात अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसैन यंत्रं दुरुस्त करता करता यंत्रकार झाले. लॅम्ब्टन यांच्यानंतर सर्वेक्षण पुढे नेणाऱ्या एव्हरेस्टसाहेबांच्या काळात आयात केलेल्या अचूक यंत्रांना इथल्या धुळीत आणि उन्हात चालतं ठेवायचं काम त्यांनी केलं आणि सर्वेक्षणाच्या गणिती यंत्रकाराचं पद त्यांना मिळालं. पर्वताला नाव एव्हरेस्टचं आहे. ज्यांच्या हातांनी मोजणीची यंत्रं खरी राहिली, त्यांची नावं फार थोड्यांना ठाऊक आहेत. तालुक्याच्या गावात भिंग लावून मीटर उघडणारा मिस्त्री त्यांच्याच कुळातला आहे.

त्याचं काम पाहण्यासारखं असतं. आधी बॅटरीची तार सुटते. मग मीटरची चौकट पुढे ओढून मागून केबल आणि दिव्यांचे होल्डर काढायचे. काच उघडल्यावर पहिला नियम एकच, काट्याला आणि केसासारख्या स्प्रिंगला विनाकारण हात लावायचा नाही. काटा काढणं टळतच नसेल, तर तो कुठे टेकला होता तिथे आधी खूण करायची, नाहीतर आकड्यांपायी वेग बिघडतो. मग पेचकसाने चौकटीचे बारीक स्क्रू, मग आकडेचाकांचा दांडा. हा दांडा घाईने ओढला तर चाकं आणि पिनियन एकदम टेबलावर विखुरतात, म्हणून जाणकार हात आधी फोटो काढून ठेवतो. तुटका गिअर सापडला की त्याचा कण न् कण गोळा करायचा. दाते मोजायला तेच लागतात.

नवा गिअर कुठून आणायचा? पहिला रस्ता कबाड्याकडे जातो. तिथे त्याच मॉडेलचं दुसरं मीटर मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण त्यातला गिअरही तितकाच म्हातारा असतो. आज चांगला दिसला, तरी येत्या उन्हाळ्यात तो चिरणार नाही याची हमी कोण देणार? दुसरा रस्ता नवा बनवण्याचा. त्यासाठी दोन मापं पुरतात. दाते मोजा आणि बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या. व्यासाला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून भागलं की दात्याचं माप, म्हणजे मॉड्यूल, हाती येतं. २० दाते आणि ११ मिलिमीटर व्यास असेल तर ११ भागिले २२, म्हणजे अर्धा. एवढ्या माहितीवर गिअर कापून घेता येतो, थ्रीडी प्रिंटरवर काढता येतो किंवा शाबूत नमुन्याचा सिलिकोन साचा करून रेझिनमध्ये ओतता येतो. कुणी उत्साहाने म्हणतं, पितळेचाच करून टाका, जन्माची कटकट मिटेल. अनुभवी मिस्त्री नको म्हणतो. पितळ झिजणार नाही, पण शेजारच्या प्लास्टिकच्या चाकाला खाईल. शिवाय यंत्र कुठे अडकलं तर सगळ्यात स्वस्त भाग आधी तुटावा, यात शहाणपण आहे. आज पाच-दहा रुपयांचं प्लास्टिक तुटतं. पितळ घातलं तर उद्या पूर्ण आकडेपट्टी तुटेल.

बसवताना दांडा स्वच्छ पुसायचा, गिअर सरळ दाबायचा, ग्रीस लावलंच तर सुईच्या टोकाइतकं आणि प्लास्टिकला चालणारं. पेट्रोलने पुसण्याची सवय इथे घात करते. मग आकडे एका रेषेत आणायचे. एक चाक जरी अर्धं वर राहिलं, तरी हजार किलोमीटरवर जाऊन सगळं अडकतं.

तपासणीची रीत सुंदर आहे. केबल एका किलोमीटरला ६३७ वेळा फिरणार असेल, तर मिनिटाला ६३७ फेऱ्यांचा अर्थ मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजेच ताशी ६०. वेग बांधता येणारं ड्रिल मशीन केबलच्या टोकाला योग्य दिशेने लावलं, काटा ६० वर स्थिर राहिला आणि घड्याळातल्या एका मिनिटात उजवीकडच्या चाकाने एक फेरी पुरी केली, की काटा आणि आकडे दोघेही खरं बोलत आहेत हे टेबलावरच कळतं. मग रस्ता. चंद्रपूरहून मूलकडे जाताना किलोमीटरचे दगड ओळीने भेटतात. एका दगडावर विश्वास ठेवायचा नाही, दहा दगडांचं अंतर धरायचं. ९.८ आलं किंवा १०.२ आलं, तर आधी टायर पाहायचे. झिजलेल्या टायरचा घेर लहान होतो, तेवढंच अंतर कापायला चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त दाखवतं. मोठे टायर चढवले तर उलटं होतं. गिअर नवा असो की जुना, मीटर शेवटी चाकाच्या फेऱ्याच मोजतं. जमिनीचं अंतर आपण त्यावरून काढतो.

यानंतर येतो तो प्रश्न पेचकसाचा नाही. समजा मीटर सहा महिने बंद होतं. या काळात गाडी चालली ती किती? आकडेचाकं हातात आहेत, सुटी आहेत, हवा तो आकडा लावता येतो. विकायला काढलेल्या गाडीचा मालक म्हणू शकतो, थोडे मागे घ्या. प्रामाणिक मालक म्हणू शकतो, अंदाजाने पुढे करा. पहिली मागणी फसवणुकीची आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये खास कायदा करून ती गुन्हा ठरवली, इतका तो धंदा तिथे बोकाळला होता. दुसरी मागणी सज्जनपणाची आहे आणि तरीही ती नाकारावी, असं या कामातल्या विचारी माणसांना वाटतं. पेट्रोलच्या पावत्यांवरून अंदाज काढता येतो. समजा २०० लिटर भरलं आणि ॲव्हरेज १२ चा आहे, तर २,४०० किलोमीटर. हा अंदाज वहीत लिहावा, तारखेसह आणि अंदाज म्हणूनच. मीटरवर मात्र तोच आकडा ठेवावा, जिथे ते थांबलं होतं. मीटरवर जे आहे ते मोजलेलं आहे, एवढी खात्री राहिली तरच त्या आकड्याला किंमत आहे. त्यात एकदा अंदाज मिसळला की मोजलेलं कुठे संपलं आणि मानलेलं कुठे सुरू झालं, हे पुन्हा कुणालाही सांगता येणार नाही.

सरकारी गाड्यांच्या लॉगबुकात या प्रश्नाला आणखी धार येते. सुटतानाचे किलोमीटर, पोचल्यावरचे किलोमीटर, प्रवासाचं कारण, खाली अधिकाऱ्याची सही. वनखात्याची जीप असो की आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, चालकाची इभ्रत त्या दोन रकान्यांत असते. मीटर बंद पडलं की रकान्यात तेवढेच दोन शब्द येतात, ‘मीटर बंद’, आणि अंतर मग दगडांवरून आणि आठवणीवरून भरलं जातं. प्रामाणिक चालकाला याचाच सर्वाधिक त्रास होतो. तो कुठे गेला होता, हे सांगणारा त्याच्या बाजूचा एकमेव साक्षीदार मुका झालेला असतो.

गडचिरोलीत अंतर ही साधी गोष्ट नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा काढला, त्यामागे अंतर हे मोठं कारण होतं. नव्या जिल्ह्यातही सिरोंचा ते गडचिरोली हा रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरी भागात अहेरीहून एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. त्या दिवसांत गाड्यांचे आकडे जागेवर असतात आणि माणसं चालत असतात. आजारी माणसाला खाटेवर घालून, खांदे बदलत, नाले ओलांडत पक्क्या सडकेपर्यंत आणलं जातं. रुग्णवाहिकेचं मीटर मोजू लागतं ते तिथून पुढे. खाटेचे किलोमीटर कुठल्याच लॉगबुकात चढत नाहीत. सडकेपासून दवाखान्यापर्यंतचं अंतर कागदावर ४० दिसतं आणि कागद वाचणाऱ्याला वाटतं की माणूस ४० किलोमीटर आला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत जे केलं, ते या न मोजलेल्या अंतराची दखल घेऊन केलं. नवजात बाळाला दवाखान्यात नेणं बहुतेक घरांना शक्य नाही हे गृहीत धरून, गावातल्याच बाईला शिकवून उपचार घरी न्यायचे, असा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या कामाच्या मुळाशीही घरोघरी जाऊन केलेली नोंद होती. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू मोजलेला. मोजणी खरी होती म्हणून उपाय खरा ठरला आणि पुढे देशभर गेला.

मोजण्याचे प्रकारही सारखे नसतात. यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावेपर्यंत तो तीन हजार किलोमीटरवर चालल्याची नोंद झाली. ब्रह्मपुरी भागातला एक वाघ ओडिशाच्या गजपती जिल्ह्यातल्या महेंद्रगिरीत पोचल्याचं २०२३ मध्ये पट्ट्यांवरून ओळखलं गेलं आणि त्याचं चालणं सुमारे दोन हजार किलोमीटरचं असावं, असा अंदाज झाला. कॉलर ठरावीक वेळाने एक बिंदू देते आणि आपण बिंदू सरळ रेषांनी जोडतो. मधली वळणं, नाल्याला घातलेले वळसे, भक्ष्यामागे मारलेल्या फेऱ्या त्यातून गळतात. पट्ट्यांवरून तर दोन टोकंच कळतात. मोबाइलवरचा नकाशाही बिंदूच जोडतो आणि दाट जंगलात, खोऱ्यात, त्याचे बिंदू वाटेवरून सरकतात. ओडोमीटर आभाळाला काही विचारत नाही. चाक जितकं जमिनीला टेकून फिरलं तितकं ते मोजतं, घाटातलं वळण असो की चुकलेल्या रस्त्यावरून परतणं. भामरागडच्या रस्त्यावर ते आजही एक नंबरचं साधन आहे.

म्हणून जुन्या गाड्यांबरोबर मीटर दुरुस्तीची ही विद्याही भंगारात जाऊ नये असं वाटतं. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून थांबली. कार्यालयांच्या आवारात उभ्या असलेल्या कितीतरी जीप लिलावात निघाल्या आणि त्यांच्यासोबत त्यांची मीटरंही वजनावर गेली. नव्या गाड्यांत केबलच नाही. सेन्सरचे ठोके चिपमध्ये साठतात आणि तो आकडा बदलायला पेचकस लागत नाही, लॅपटॉप लागतो. पण तारखेने म्हाताऱ्या झालेल्या खासगी जिप्सी, जीप, ट्रॅक्टर या दोन जिल्ह्यांत अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत.

उपाय महागडा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात, डॉ. श्रीनाथ कलबागांच्या विज्ञान आश्रमात, अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने २००२ मध्येच फॅब लॅब नावाची कार्यशाळा उभी राहिली. खेड्यातल्या मुलांनी अचूक यंत्रांवर स्वतःचे सुटे भाग बनवावेत, हे महाराष्ट्रात करून पाहिलेलं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये मुलं गिअरचं गणित शिकतातच. लिलावाआधी प्रत्येक गाडीचं मीटर उतरवून त्यांच्या हाती दिलं, तर एका हंगामात या भागातल्या सगळ्या जुन्या मॉडेलांची मापं कागदावर येतील. प्रत्येक पानावर गाडीचं नाव, गिअरचे दाते, बाहेरचा व्यास, दांड्याचा व्यास, किलोमीटरला केबलच्या किती फेऱ्या, आणि ज्याने मापं घेतली त्या विद्यार्थ्याचं नाव. अशी वही अहेरीच्या मिस्त्रीजवळ असली, तर तुटलेल्या गिअरसाठी त्याला नागपूरपर्यंत जावं लागणार नाही. फोनवर पान नंबर सांगायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने पाकीट मागवायचं.